वाचून झाल्यावर : प्रस्तावना

मस्कतच्या आग्नेयेला सुमारे 200 किलोमीटरवर, अरबस्तानचा किनारा जिथे वळण घेतो त्याच्या अलीकडे, सूर हे बंदर आहे. इथे खाडीकाठी लाकडी गलबते बांधण्याचे काम अजून चालते. 1951 साली याच गावात बांधलेले 'फतह अल-खैर' हे गलबत जपून ठेवले आहे. या गलबतांचे सागवान मलबारहून येई. मोसमी वाऱ्यांचा हिशेब बांधून इथले नाखवे बसऱ्याचा खजूर घेऊन हिंदुस्थानच्या किनाऱ्याकडे किंवा झांजिबारकडे निघत. गाव बघायला आलेल्या कुणालाही एवढे सांगितले जाते. मला या पुस्तकासाठी महत्त्वाची वाटते ती या समुद्रावरच्या नाविकांची वही.

अरबी समुद्रातले जाणते नाविक 'रहमानी' नावाची वही बाळगत. कुठल्या ताऱ्याच्या उदयाकडे गलबताचे तोंड ठेवायचे, अमुक बंदराशी ध्रुवतारा क्षितिजापासून किती बोटे वर दिसतो, किनारा जवळ आला की कुठला डोंगर आधी दिसतो, तळाची माती कशी आहे, पाण्याचा रंग कुठे बदलतो, हे सगळे त्यात असे. कच्छच्या माळमांच्या, म्हणजे तिथल्या नाविकांच्या, पोथ्या याच जातीच्या. शिकाऊ नाविक आधी गुरूची वही उतरवून घेई आणि मग स्वतःच्या सफरींची भर घाली. पण गुरूची वही उतरवली म्हणजे कुणी नाविक होत नसे. मधल्या काळात काय घडत असे, याचे उत्तर अहमद इब्न माजिदच्या लेखनात सापडते.

इब्न माजिद पंधराव्या शतकातला. तो सूरचा नव्हे, आजच्या रास अल-खैमाजवळच्या जुल्फारचा. पण सूरसमोरचा सारा समुद्र त्याच्या अभ्यासातला. (वास्को द गामाला कालिकतला त्यानेच पोचवले ही गोष्ट फार सांगितली जाते. आजचे बरेच अभ्यासक ती मानत नाहीत.) 1462 साली त्याने नौकानयनावर 'हाविया' ही हजारावर ओळींची पद्यरचना केली, आणि 1490 च्या सुमारास 'किताब अल-फवाइद' हा बारा भागांचा गद्यग्रंथ लिहिला. एकाच विषयावर पद्य आणि गद्य दोन्ही कशाला? मला वाटते, पद्य रात्री वाऱ्यात दिव्याशिवाय आठवण्यासाठी, आणि गद्य बंदरात बसून तपासण्यासाठी. त्याचे आजोबा आणि वडील नाविक होते. वडिलांनी तांबड्या समुद्रावर मोठी पद्यरचना केली होती. आजोबांच्या ज्ञानात वडिलांनी अनुभवाने भर घातली आणि वडिलांच्या चुका आपण अनुभवाने दुरुस्त केल्या, असे इब्न माजिद सांगतो. त्याच्या आधीच्या ज्या तीन ग्रंथकारांना 'सिंह' म्हटले जाई त्यांचा तो मान राखतो, पण तक्रारही करतो: त्यांनी इकडून तिकडून संग्रह केला, समुद्रावर पडताळला नाही. नंतर स्वतःला चौथा सिंह म्हणवून घ्यायला तो कचरत नाही, हे सोडून देऊ.

संग्रह आणि पडताळा यांतला हा फरक या पुस्तकाचा कणा आहे. वाचलेले टिकत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांपाशी टिपणे नसतात असे नाही. उलट पुष्कळ असतात. अधोरेखित केलेली पुस्तके असतात, कात्रणांच्या फायली असतात, मोबाइलमध्ये पानांचे फोटो असतात. त्या टिपणांकडे पुन्हा कुणी गेलेले नसते, आणि गेले तरी फक्त वाचायला गेलेले असते. पुस्तक बाजूला ठेवून 'यात काय होते?' असे स्वतःला विचारणे आणि अडखळत उत्तर देणे, हे काम राहून जाते. लक्षात राहते ते त्या अडखळण्यामुळे, हे आता संशोधनानेही बऱ्यापैकी दाखवले आहे. त्याकडे येतोच, आधी आपल्या घरातले पाहू.

आपल्याकडे दोन टोकाच्या परंपरा शेजारी नांदल्या. एक पाठांतराची. वेदपाठी ब्राह्मणांनी पद, क्रम, जटा, घन अशा रीतींनी शब्द पुढे-मागे उलटसुलट म्हणून अक्षरही ढळू न देण्याची व्यवस्था केली. त्यात अर्थावर भर नव्हता, आणि तसा दावाही नव्हता. दुसरी परंपरा ऐकलेले गोळा करून लिहून ठेवण्याची. तिचा मराठीतला पहिला मोठा मानकरी म्हाइंभट. चक्रधरस्वामींच्या पश्चात, 1278 च्या सुमारास, त्याने 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते एका जागी बसून नव्हे. ज्यांनी लीळा पाहिल्या, ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन त्याने विचारले, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतले. पुढे मूळ पोथी धामधुमीत गेली आणि आठवणीतून पुन्हा पाठ सिद्ध करावे लागले, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यांतला एक पाठ हिराइसेच्या नावाने ओळखला जातो. स्मरणशक्तीसाठी नावाजलेली ही बाई नसती, तर मराठी गद्याचा आरंभ आपल्याला बराच पुढे ढकलावा लागला असता. मला या हकिकतीत लोभस वाटते ते वेगळेच: पाठांत फरक पडला तिथे महानुभावांनी तो पुसला नाही. अमक्याच्या मते असे, तमक्याच्या मते तसे, अशी नोंद ठेवली. आपल्या आठवणीवर शंका घेण्याची ही शिस्त आजच्या वाचकाच्या वहीतही क्वचित दिसते.

या दोन टोकांना जोडणारा विचार मराठीत कुणी नेमका केला असेल तर तो समर्थ रामदासांनी. 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे हवे, ओळी सरळ हव्यात, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत हात एकच वाटावा, कडेला कोरी जागा सोडावी म्हणजे कागद झिजला तरी अक्षर झिजणार नाही. शिवाय बोरू, सुरी, कात्री, शाई यांचा सरंजाम. लेखनावर इतके बारकाईने लिहिणारा माणूस तिथे थांबत नाही, हे महत्त्वाचे. लगेच पुढचा समास विवरणावर आहे: लेखनाचे झाले, आता अर्थाचे ऐका. शाळेत आपल्याला पहिला समास सुवाच्य अक्षराच्या गुणांपुरता शिकवला जातो आणि दुसऱ्याकडे कुणी फिरकत नाही. रामदासी मठांतली बाडे आज धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात पाहायला मिळतात. त्यांत ग्रंथांच्या नकला आहेत, पण एकाच बाडात आरती, वैद्यकाचा नुसखा, पदे आणि हिशेब शेजारी शेजारी बसलेलेही सापडतात. युरोपातल्या वाचकांच्या संग्रहवह्या याच धर्तीच्या होत.

आधुनिक मराठी वाचकांपैकी दोघांची पद्धत मला या विषयासाठी सर्वांत बोलकी वाटते.

टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात पेन्सिलीने वह्यांत लिहिले. काही महिन्यांत एवढा ग्रंथ, याचे कौतुक होते. पण प्रस्तावनेत टिळकच सांगतात की 1872 साली मरणशय्येवरच्या वडिलांना गीतेवरची मराठी टीका वाचून दाखवण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि तेव्हापासून प्रश्न डोक्यात होता: युद्धाला उभे करण्यासाठी सांगितलेल्या ग्रंथाचे तात्पर्य संन्यास कसे? मधली अडतीस वर्षे हा एकच प्रश्न वाचन गोळा करत होता. सुटकेनंतर सरकारने वह्या लवकर दिल्या नाहीत तेव्हा, पुस्तक माझ्या डोक्यात आहे, पुन्हा लिहीन, असे ते म्हणाल्याची आठवण सांगितली जाते. ती शब्दशः खरी असो वा नसो, ज्याने अडतीस वर्षे एका प्रश्नाभोवती वाचले त्याच्या तोंडी ती शोभते.

दुसरे डॉ. आंबेडकर. जॉन ड्यूई हे कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे गुरू. ड्यूईंचा 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' हा ग्रंथ 1916 चा. आंबेडकरांनी तो जानेवारी 1917 मध्ये लंडनला विकत घेतला. ती प्रत मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालयाच्या संग्रहात राहिली आणि तिच्यावर रंगीत पेन्सिलींच्या खुणा आहेत. 1936 च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ड्यूईंचा त्या ग्रंथातला विचार नाव घेऊन येतो: प्रत्येक समाजावर भूतकाळातले निरुपयोगी ओझे साचते, आणि सुजाण समाज सगळेच पुढच्या पिढीच्या हवाली करत नाही. ड्यूईंनी हे शाळेच्या कामाविषयी लिहिले होते. आंबेडकरांनी शाळेविषयीचे वाक्य गाळले आणि बाकीचे थेट हिंदू समाजापुढे ठेवले. खूण करताना वाचकाने मान डोलावलेली असते. वाक्य गाळताना त्याने विचार केलेला असतो. खुणेपासून गाळण्यापर्यंत एकोणीस वर्षे गेली. त्यांच्या समग्र लेखनाचा 12 वा खंड ज्यांनी चाळला असेल त्यांना ठाऊक आहे की त्यात विद्यार्थ्यांसाठी काढलेली कायद्याची टिपणेही छापली आहेत. ती वाचनीय नाहीत. ती कामाची होती, आणि टिपणाने तेवढेच असावे.

एकट्या वाचकाच्या वहीपलीकडे टिपणाचा केवढा संसार होऊ शकतो हे बघायचे तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात जावे. 1948 मध्ये सु. मं. कत्रे यांनी तिथे संस्कृत कोशाचे काम सुरू केले. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून एकेका शब्दाचा संदर्भ एकेका चिठ्ठीवर उतरवला गेला. अशा चिठ्ठ्या सुमारे एक कोटी आहेत. कोशाचा पहिला भाग 1976 मध्ये निघाला.

पश्चिमेकडचा इतिहास लांबलचक आहे. इथे त्याचे टप्पे तेवढे नोंदवतो. सोळाव्या शतकात इरॅस्मसने विद्यार्थ्यांना विषयवार मथळ्यांखाली उतारे गोळा करायला लावले. जॉन लॉकने 1686 मध्ये अशा वहीच्या सूचीची युक्ती फ्रेंचमध्ये छापली: मथळ्याचे पहिले अक्षर आणि त्यातला पहिला स्वर यांची जोडी करून पान ठरवायचे. इंग्रजीत ही जोडणी थोडी ओढूनताणूनच वाटते. मराठीत मात्र बाराखडी आयतीच आहे. 'का'चे पान, 'कि'चे पान. लॉकची सूची वापरायला आपल्याइतके सोयीचे लोक नाहीत, आणि आपल्यापैकी ती जवळजवळ कुणी वापरत नाही. विसाव्या शतकात निकलास लूमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने सुमारे 90,000 चिठ्ठ्या क्रमांकांनी एकमेकींना जोडल्या आणि त्या पेटीला आपला संवादातला जोडीदार म्हटले. अमेरिकेत वॉल्टर पॉकने पानाच्या कडेला प्रश्नांसाठी रकाना सोडणारी कॉर्नेल पद्धत रूढ केली. अरब जगातही, लिहावे की स्मरावे, हा वाद जुना आहे. अकराव्या शतकात बगदादच्या खतीबने केवळ या वादावर ग्रंथ रचला. तिथे प्रश्न सोयीचा नव्हता, लिहिलेल्याचे प्रामाण्य किती मानावे याचा होता.

ढोबळमानाने पंथ तीन. पाठ करणारे, साठवणारे, आणि साठवलेल्याशी भांडणारे. माझा कल कुणाकडे आहे हे वाचकाने ओळखलेच असेल, पण पहिल्या दोघांना हसण्याचे कारण नाही. ज्याला ज्ञानेश्वरीच्या शंभर ओव्या पाठ आहेत त्याच्या मनाला एकांतात खाद्य असते, आणि साठवणाऱ्यांशिवाय तिसऱ्यांना भांडायला काही मिळत नाही.

आता विज्ञान. हर्मान एबिंगहाउसने 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून विस्मरणाचा आलेख काढला. तो निरर्थक अक्षरसमूहांचा होता. त्यावरून 'वाचलेल्यातले अमुक टक्के दुसऱ्या दिवशी विसरते' असे सर्रास सांगितले जाते. कादंबरीला किंवा इतिहासग्रंथाला ते आकडे लागू करण्यात अर्थ नाही. अधिक उपयोगी प्रयोग रोडिगर आणि कार्पिक यांचा, 2006 चा. एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. आपल्याला जास्त आठवेल असा भरवसा मात्र वाचणाऱ्यांनाच अधिक होता. 2013 मध्ये डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा तंत्रांचा आढावा घेतला, त्यात स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अंतराअंतराने करणे ही तंत्रे सर्वांत वर आली, आणि अधोरेखन खाली. हाताने लिहिलेले लॅपटॉपवर टिपलेल्यापेक्षा चांगले टिकते, हा 2014 चा गाजलेला निष्कर्ष पुढच्या प्रयोगांत तितका ठामपणे उभा राहिला नाही. म्हणून या पुस्तकात मी कागदाचा हट्ट धरलेला नाही. मला कागद आवडतो, एवढेच.

हे सगळे आत्ताच का लिहायचे? एक कारण उघड आहे. मजकूर साठवणे फुकट झाले आहे, आणि आता सारांशही यंत्र काढून देते. मुले अभ्यासाला बसतात तेव्हा तयार नोट्स समोर असतात. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत दुसऱ्याने काढलेल्या नोट्सच्या झेरॉक्स विकल्या जातात. दुसऱ्याच्या नोट्स वाचणे म्हणजे गुरूची रहमानी उतरवून समुद्रावर न जाणे. घोकंपट्टीला नावे ठेवता ठेवता आपण तिच्याहून उथळ जागी येऊन पोचलो आहोत: घोकणाऱ्याच्या निदान तोंडात तरी मजकूर असायचा.

दुसरे कारण आमचे, सूरकर मराठी लोकांचे. इथे जवळच कल्हातला द्रवरूप वायूचा प्रकल्प आहे, आणि 2005 मध्ये भारत-ओमान भागीदारीतला खत कारखाना सुरू झाला. अशा कामांच्या निमित्ताने मराठी घरे इथवर आली. मराठी पुस्तकांचे दुकान इथे नाही. सुट्टीवरून येताना बॅगेत मसाले आणि पापड भरून उरलेल्या वजनात पुस्तके येतात. एक प्रत चार घरांत फिरते आणि कुणाची तरी नोकरी संपली की त्याच्याबरोबर जाते. पुस्तक पुन्हा हाताला लागणार नाही हे माहीत असलेला वाचक वेगळ्या रीतीने वाचतो. या पुस्तकाचा पहिला खर्डा अशाच वाचकांच्या वह्या पाहता पाहता झाला.

कंट्रोल रूममध्ये आयुष्य घालवल्यामुळे मला आणखी एक गोष्ट दिसली. पाळी बदलताना जो लॉगबुक भरतो त्याने दाब आणि तापमानाचे आकडे उतरवण्यात अर्थ नसतो; ते संगणकात नोंदले गेलेलेच असतात. चांगला ऑपरेटर लिहितो की अमुक पंपाचा आवाज बदलल्यासारखा वाटतो, कारण बहुधा अमुक, पुढच्या पाळीने तिकडे लक्ष ठेवावे. म्हणजे दिसले काय, मला वाटते काय, आणि अजून कळले नाही काय. वाचनाच्या टिपणात याहून निराळे काही लागत नाही. लेखकाचे वाक्य पुस्तकात आहेच. तुमच्या शंकेची नोंद मात्र तुमच्याखेरीज कुणी करणार नाही.

या पुस्तकात मी टिपणाची एकच 'सर्वोत्तम' पद्धत दिलेली नाही. कथा-कादंबरीचा, इतिहासाचा, तांत्रिक ग्रंथाचा आणि संतवाङ्मयाचा वाचक निरनिराळ्या गोष्टी टिपतो. त्यांचे मार्ग वेगळे दाखवले आहेत आणि प्रत्येक ठिकाणी खऱ्या वाचकांच्या टिपणांचे नमुने, त्यांच्या परवानगीने व नावांशिवाय, दिले आहेत. काही नमुने मुद्दाम फसलेले घेतले आहेत. मोबाइलवरच्या अ‍ॅपांना थोडी जागा मिळाली आहे; ती नावे पाच वर्षांत बदलतील. परीक्षेत गुण कसे मिळवावेत हा या पुस्तकाचा विषय नाही, आणि वेगवाचनावर यात एक ओळही नाही, कारण त्याविषयीचे दावे मला पटलेले नाहीत. कवितेविषयीचे प्रकरण सर्वांत दुबळे आहे. कविता टिपायची नसते, पाठ करायची असते, असे माझे मत आहे आणि ते त्या प्रकरणात लपलेले नाही.

लहान मुलांसाठी स्वतंत्र भाग करावा असे काहींनी सुचवले होते. तो केला नाही. मुलांना टिपणे काढायला लावण्याआधी घरातल्या मोठ्यांनी जेवताना, 'आज काय वाचलेस, सांग' असे विचारावे आणि उत्तर पुरते होईपर्यंत मध्ये बोलू नये. तेवढे पुष्कळ झाले. अर्थात, हे मोठ्यांना विचारणारे कुणी नसते. म्हणून हे पुस्तक मोठ्यांसाठी.

वाचकाला एक विनंती आहे. पहिले प्रकरण संपेपर्यंत पेनाचे टोपण काढू नका. प्रकरण संपले की पुस्तक मिटा, कोरे पान घ्या आणि आठवते ते तुमच्या शब्दांत लिहा. अडलात तरी पुस्तक उघडू नका. त्यानंतर उघडा आणि माझे म्हणणे कुठे पटले नाही ते समासात लिहा. समास त्यासाठी रुंद ठेवले आहेत.

सूर, ओमान